रिटर्नेबल क्रेट परवडतात का? आधी रिकामा कधी परत येतो ते बघा

तुम्ही विचारलंय की पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी प्लास्टिकचे रिटर्नेबल क्रेट घेतले तर खरंच पैसे वाचतात का आणि पर्यावरणाचं जे सांगतात ते खरं का. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातची एमआयडीसीच म्हणा) एका मशीनिंगच्या युनिटमध्ये डिस्पॅच बघतो. वाचतात, पण सगळे क्रेटच्या किमतीवर घासाघीस करत बसतात आणि रिकामा क्रेट किती दिवसांनी परत येणार हे कोणी विचारतच नाही.

समजा खोकं 45 रुपयांचं, क्रेट 600 चा, परतीचं भाडं नि धुणं मिळून फेरीला 10 रुपये, म्हणजे फेरीमागे 35 वाचले, सतरा-अठरा फेऱ्यांत क्रेट फिटला. आता गिऱ्हाईक इथून जवळच्या हालोलचं असेल नि क्रेट पाच दिवसांत परत आला तर तीन महिन्यांत पैसे वसूल, पण माल चाकणला जातो आणि फिरून यायला वीस दिवस लागतात तर त्यालाच वर्ष लागतं. शिवाय रोज 40 क्रेट जात असतील तर हालोलला 200 पुरतात, चाकणला 800! वर तुटलेले, धुवायला पडलेले धरून थोडे जास्तीचे.

डिझाइनही इथूनच ठरतं. सकाळचा दुधाचा टेम्पो बघा, भरलेले क्रेट उतरवतो नि कालचे रिकामे घेऊन जातो, गाडी तशीही रिकामीच परतणार असते, तिथे घडीचा क्रेट घेऊन काय करायचंय. लांबच्या मालाला मात्र घडीचे किंवा एकात एक बसणारेच घ्या, नाहीतर ट्रकभर हवा आणायचं भाडं भराल, आणि त्या डिझेलमध्ये पर्यावरणाचा फायदाही गेला. माप 600 बाय 400 मिलिमीटर, 1200 बाय 1000 च्या पॅलेटवर (माल रचायच्या फळीवर) एका थरात बरोबर पाच बसतात. आतला फोम चिकटवू नका, सुटा ठेवा, निव्वळ पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) असेल तर मोडलेला क्रेट नीट रिसायकल होतो आणि भंगारवालाही भाव देतो.

आमची चूक पण सांगतो. पहिले 300 क्रेट नंबर न टाकताच पाठवले, सहा महिन्यांत 60 गायब. गिऱ्हाइकाकडे जाऊन बघतो तर एकात लोखंडाचा कीस, एकात चिंध्या, एक उलटा घालून त्यावर सिक्युरिटीवाले काका बसलेले. आता भडक रंग, मोठ्ठा नंबर, रिटर्नेबल चलनावर (परत यायच्या मालाच्या कागदावर) संख्या आणि सही, आणि आमचा ड्रायव्हर रिकामे मोजून घेतल्याशिवाय भरलेले उतरवत नाही. पहिले आठ दिवस तिथल्या स्टोअरवाल्याने तोंड वाकडं केलं, आता तोच रिकामे गेटपाशी रचून ठेवतो.