निकालाचा दिवस आणि त्यानंतरचे अर्ज

मुलीचा निकाल लागेल तेव्हा तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकावू नका. गुण आधी तिला पाहू द्या आणि नातेवाइकांचे फोन तुम्हीच घ्या. माझ्या थोरल्याचे गुण अपेक्षेपेक्षा कमी आले तेव्हा मी लगेच ‘आता पुढे काय?’ असे विचारले आणि तो मोबाइल पालथा ठेवून उठून गेला. तो प्रश्न एक दिवस सहज थांबला असता. थांबत नाही ती मुदत. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला बहुधा मोजकेच दिवस मिळतात आणि काही ठिकाणी फेरतपासणीत गुण कमीही होऊ शकतात, म्हणून नियम आधीच वाचून ठेवावेत. विद्यापीठाचा अर्ज मात्र तिलाच भरू द्या (आपणच भरून टाकण्याचा मोह मलाही आवरला नव्हता). गुणपत्रिकेवरचे आणि ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः जुळते का आणि शुल्काची पावती जपली आहे का, एवढेच आपण तपासावे. पसंतीक्रमात शेवटचा पर्यायही ती आनंदाने शिकेल असाच असावा, कारण नुसती जागा भरण्यासाठी लिहिलेला पर्याय कधीकधी गळ्यात पडतो. तिची झोप आणि जेवण बरेच दिवस बिघडलेले दिसले, तर अर्ज बाजूला ठेवून समुपदेशकाची वेळ घ्या.