जबड्याच्या सांध्याचं दुखणं: ऑनलाइन मिळणारा स्प्लिंट चालेल का?

सकाळी उठल्यावर कानापुढे दुखतं, जबडा आखडतो आणि म्हापशाच्या दंतवैद्यांनी रात्री घालायला कडक स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसणारं आवरण, सांगितलाय, असं तुम्ही लिहिलंय. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा स्वस्तातला का नको, हा तुमचा प्रश्न.

मऊ आहे म्हणूनच नको. रबरासारखं काही दातांत आलं की काही जण झोपेत ते आणखी चावतात आणि सकाळी गालाचे स्नायू जास्तच ठणकतात. शिवाय तो घासून नीट जुळवता येत नाही, आणि स्प्लिंटचा खरा गुण त्या जुळवण्यातच आहे.

कडक अ‍ॅक्रिलिकच्या स्प्लिंटसाठी दोन्ही जबड्यांची मापं घेतात, चावा नोंदवतात. लॅबमधून साधारण २ मिमी जाडीचा, वरच्या किंवा खालच्या ओळीतले सगळे दात झाकणारा स्प्लिंट येतो. तो घातल्यावर डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात. मागच्या सगळ्या दातांचे ठिपके सारखे उमटले पाहिजेत. एकाच दाढेचा ठळक उमटला तर भार तिच्यावर पडतो आणि थोड्याच दिवसांत ती दुखायला लागते. जबडा बाजूला सरकवला की सुळ्यांच्या आधाराने दाढा सुट्या व्हायला हव्यात. नुसतं ‘बसतंय ना?’ विचारून पाठवत असतील तर खुर्चीतून उठू नका.

एक-दोन आठवड्यांनी परत जाच. स्नायू सैलावले की जबडा किंचित जागा बदलतो, आधीचे ठिपके जुळत नाहीत, पुन्हा घासावं लागतं. नेमकी हीच फेरी लोक चुकवतात आणि ‘स्प्लिंटने गुण आला नाही’ म्हणतात.

फक्त पुढचे दात झाकणारा दिला तर कारण विचारा. तो बरेच महिने वापरला की मोकळ्या दाढा सरकून चावा बिघडू शकतो. सकाळी थोडा वेळ चावा वेगळा वाटणं ठीक, पण दिवसभर तसाच राहिला तर वापर थांबवून डॉक्टरांना दाखवा. धुवायला थंड पाणीच घ्या, गरम पाण्याने तो वाकतो.

तोवर कांकणं (बांगडीसारखे कडक पाव), ऊस, चणे बंद. उकड्या तांदळाची पेज घ्या, पोई (कोंड्याचा गोवेकरी पाव) आमटीत बुडवून खा. दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवा. स्प्लिंट फक्त रात्री असतो, दिवसाचं दात आवळणं तुम्हालाच सोडावं लागेल. खर्च जड वाटत असेल तर बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात चौकशी करा.

सांध्यातला ‘कट’ आवाज मात्र स्प्लिंटने जाईलच असं नाही. दुखत नसेल तर त्याची काळजी नको. तोंड अचानक दोन बोटांपेक्षा कमी उघडू लागलं तर स्प्लिंटची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. आणि चढण चढताना जबडा दुखत असेल आणि तुम्ही थांबल्यावर दुखणं जात असेल, तर आधी हृदय तपासून घ्या.