क्लिफ पॅलेस रंगवायचाय? घरं आधी काढू नका

पहिल्याच मोठ्या लँडस्केपला अमेरिकेतल्या मेसा व्हर्देचा क्लिफ पॅलेस, म्हणजे कड्याच्या कपारीत बांधलेली जुनी दगडी वस्ती घेतलीत, मस्त! पण तिथे दीडशेच्या आसपास खोल्या आहेत, एकेक खिडकी काढत बसलात की कडा राहतो बाजूला आणि चित्र खेळण्यातल्या गावासारखं दिसायला लागतं, बहुतेक नवशिके इथेच अडकतात.

- डोळे किलकिले करून फोटो बघा. उन्हातला कडा, कपारीतली सावली आणि घरं, तीनच आकार दिसले पाहिजेत. तेवढेच पेन्सिलने हलके काढा.
- सावलीला ट्यूबमधला काळा अजिबात नको. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा, कपारीच्या छताकडे सिएना थोडा जास्त, कारण खालच्या उन्हातल्या दगडावरून तांबूस उजेड वर फेकला जातो, हे जमलं ना की कपार खरंच खोल वाटते.
- घरं त्याच वालुकाश्माची आहेत, वेगळा रंग शोधू नका, कड्याचाच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, त्यांच्यावरून जाऊ द्या. वाळला की चौकोनी मनोऱ्याची एक बाजू गडद करा, चार-पाच खिडक्या द्या, बास.

ड्राय ब्रश (कोरड्या ब्रशचे फटकारे), टेक्स्चर वगैरे सध्या राहू द्या. आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दोन-तीन करा आणि दाखवा, सावली कुठे हलकी पडली ते नक्की सांगतो.