कुठल्या क्लासिक कादंबरीत मोठी माणसं लहान मुलांचा मान राखताना दिसतात?

प्रश्न वाचल्या वाचल्या हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आठवली. १९६० ची कादंबरी, अमेरिकेतल्या अलाबामातलं मेकोम्ब नावाचं काल्पनिक गाव, १९३० नंतरचे मंदीचे दिवस. सांगणारी पोरगी स्काउट, तिचा चार वर्षांनी मोठा भाऊ जेम, आई नाही आणि बाप ॲटिकस वकील. पोरं बापाला सरळ नावानं हाक मारतात (आमच्या घरी मी असं केलं असतं तर आज्जीनं लाटणंच हाणलं असतं).

सगळे ॲटिकसचंच कौतुक करतात आणि ते बरोबरच आहे म्हणा. स्काउट काकाला एक अडचणीचा शब्द विचारते, काका काहीतरी गोष्ट रचून वेळ मारून नेतो, तर ॲटिकस त्यालाच सांगतो की पोरानं विचारलं तर उत्तर दे, टाळाटाळ केलेली पोरांना आपल्यापेक्षा लवकर कळते.

पण मला जास्त आवडते ती स्वयंपाक करणारी कॅलपर्निया. वॉल्टर नावाचं गरीब शेतकऱ्याचं पोरगं, शाळेत डबा नसतो त्याच्याकडं, म्हणून जेम त्याला घरी जेवायला आणतो. ॲटिकस त्याच्याशी पिकापाण्याचं बोलत बसतो, अगदी दोन बाप्ये बोलावेत तसं, आणि ते बोलता बोलता वॉल्टर ताटातल्या भाजीवर, मटणावर सगळ्यावर काकवी ओतून घेतो. स्काउट ओरडते हे काय करायलास म्हणून. कॅलपर्निया तिला आत स्वयंपाकघरात बोलवून घेते आणि मग झाडते, की तो पाहुणा आहे, त्याला टेबलावरचं कापड खायचं असलं तरी खाऊ दे.

हे वाचलं तेव्हा माझंच तोंड उतरलं. त्याच्या वर्षभर आधी माझ्या मुलाचा मित्र घरी आला होता, त्याचे वडील यंत्रमागावर कामाला. मी ताटात भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी वाढली तर त्यानं चहा मागून घेतला आणि भाकरी त्यात कुस्करून खायला लागला. माझा पोरगा म्हणाला, 'ई, काय करायलाय बे हे!' आणि मी त्याला आत बोलवून बोलायचं सोडून स्वतःच हसले. हसू वाईट नव्हतं हो माझं, पण त्या पोरानं ताट अर्धं टाकलं. आता खेळायला येतो तर दारातूनच हाक मारतो.

शेजारच्या मिस मॉडीबद्दल स्काउट म्हणते, की मी मुद्दाम विनोद केला असेल तरच ती हसायची, नाहीतर नाही. ॲटिकस कोर्टात एका निर्दोष काळ्या माणसाची बाजू मांडतो आणि खटला हरतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हीच बाई पोरांना केक खायला बोलवते. तिची पद्धत अशी की मोठ्या केकबरोबर या तिघांसाठी (दोघं भावंडं आणि त्यांचा मित्र डिल) एकेक छोटा केक करायचा. त्या दिवशी छोटे दोनच. स्काउटला वाटतं बाई डिलला विसरली, आणि ते पोरांच्या तोंडावरही दिसलं असणार. मग मिस मॉडी मोठ्या केकचा तुकडा कापते आणि जेमपुढं ठेवते. तोंडानं एक अक्षर नाही की तू आता मोठा झालास वगैरे.

पुस्तक जाड आहे, सुरुवातही जरा हळू वाटेल, पण वॉल्टरचं जेवण तिसऱ्याच प्रकरणात येतं, तिथपर्यंत तरी वाचा.