सांगाड्याचा एक्सरे किंवा सीटी काढून माणूस कोण होता ते खरंच कळतं का, की शेवटी डीएनएच लागतो?

कळतं. पण माणूस जिवंत असतानाची फिल्म हातात असेल तरच, आणि ती कोण ठेवत नाही, म्हणून एवढं लिहायला बसलो.

मिरजेत मी २७ वर्षं एक्सरे टेक्निशियन होतो. २००५ चा पूर यायच्या आदल्या सीझनला तोडकऱ्यांना उसाच्या फडात सांगाडा सापडला. नदीकाठच्या गावचा एकजण दोन वर्षं बेपत्ता होता, त्याची बायको म्हणायची हेच ते, आणि भाऊबंद म्हणायचे कशावरून? (जमिनीची वाटणी अडकलेली, समजून घ्या.) बाई म्हणाली, ह्यांना सर्दीचा लई त्रास, तुमच्यात ॲडमिट होते तवा कपाळाचा फोटो काढलाय. हवालदार आले, मी रजिस्टर काढलं. नाव आहे, नंबर आहे, पुढं माझ्याच अक्षरात ‘फिल्म जमा’. फिल्म नाही! आमच्या डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वी सगळा गठ्ठा किलोवर गलाईवाल्याला दिलेला, चांदी काढायला. मी तेव्हाच म्हणलेलो सर नका देऊ, तर म्हणाले, “ठेवून काय लोणचं घालतोयस?”

नशीब त्या बाईचं, सांगलीत आधी काढलेली एक फिल्म ट्रंकेत लुगड्यांच्या खाली निघाली. मग फॉरेन्सिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्याच अँगलला कवटीचा काढ. आता कवटीला मान नाही, ती टेबलावर थांबतीय होय, शेवटी मावशींच्या घरनं चुंबळ आणली आणि तिच्यावर बसवली. सुकं हाड म्हणून केव्ही, म्हणजे एक्सरेचा जोर, कमी केला, तरी तीन फिल्म वाया गेल्या, चौथी जमली. कपाळातली पोकळी, म्हणजे फ्रंटल सायनस, तिची वरची कड प्रत्येकाची वेगळी असते, जुळ्यांचीसुद्धा. उजवी मोठी, तीन पाकळ्या, मधला पडदा डावीकडं कललेला, दोन्ही फिल्म व्ह्यू बॉक्सवर (फिल्म बघायची दिव्याची पेटी) एकावर एक ठेवल्या आणि भाऊबंद गप्प. ही काय माझी अक्कल नाही, १९२७ मध्येच अमेरिकेत कल्बर्ट आणि लॉ यांनी सायनसच्या फिल्मवरून ओळख पटवलेली.

सीटीचं म्हणाल तर तत्त्व तेच, फक्त अँगलची मारामारी नाही, कवटी कॉम्प्युटरवर पाहिजे तशी फिरवता येते. दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून न चिरता सीटीवर पोस्टमॉर्टेम करतात. पायात प्लेट घातलेली असेल तर तिच्यावरचा नंबरसुद्धा कामाला येतो. पण मशीन कितीबी कोटीचं आणा, जुळवायला जुनं काहीतरी पाहिजेच की. डीएनएलासुद्धा जुळवायला नातेवाइकाचा नाहीतर त्या माणसाचाच जुना नमुना लागतोच.

म्हणून सांगतो, फिल्म टाकू नका, सीडी टाकू नका. मोबाईलवर काढलेला फिल्मचा फोटो चालत नाही, तो तिरका येतो, कडा धुरकट होतात. आणि हॉस्पिटलवाल्यांनो, सगळं पेशंटच्या गळ्यात घालू नका. पुढच्याच वर्षी पूर आला तेव्हा त्या बाईच्या घरात छातीभर पाणी होतं, ती ट्रंक गेली.

हां, एक राहिलं, काही लोकांना फ्रंटल सायनस नसतोच, लहान मुलांचा तयार झालेला नसतो, तिथं हे काही चालत नाही. दात, बोटांचे ठसे आणि डीएनए, इंटरपोल ह्या तिघांना पहिला मान देतं, आणि एक्सरेवरून काय ठरवायचं ते डॉक्टर ठरवतात, टेक्निशियन नाही. सांगाड्यावरून वय आणि बाई-पुरुष कसं ओळखतात, ते कुणीतरी फॉरेन्सिकवाल्यानं लिहा. आमचे सर अजून भेटले की विचारतात, काय रे, लोणचं मुरलं का?