बागेत साप शोधताना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : दोन महिने झाले, रोज पहाटे बागेत भराभर चार फेऱ्या मारतो. साप एकही दिसला नाही, सरडेसुद्धा एक-दोनच. बागेत काही उरलंच नाही का?

बहुधा आहे, पण तुमची वेळ चुकते आणि वेगही. सरपटणारे प्राणी अंगाची ऊब स्वतः तयार करत नाहीत. ती त्यांना उन्हातून नाहीतर तापलेल्या दगडातून घ्यावी लागते. पहाटेच्या गारव्यात ते बिळात, भेगेत निपचित असतात. ऊन जमिनीवर उतरून तासभर झाला की सरडे आणि सापसुरळ्या बाहेर येऊ लागतात. थंडीत दुपार चांगली. कडक उन्हाळ्यात मात्र उलट, दुपारी सगळे सावलीत दडलेले असतात. पाली शोधायच्या तर रात्री, दिव्याखालच्या भिंतीवर.

आता जागा. हिरवळीच्या मधोमध काही मिळत नाही. शोधायच्या त्या कडा: हिरवळ संपून झुडपं सुरू होतात ती, तळ्याचा काठ, पालापाचोळ्याच्या ढिगाची उन्हाकडची बाजू, दगडी भिंतीतल्या फटी. ऊब, लपायला जागा आणि भक्ष्य या तीन गोष्टी दोन-चार पावलांच्या अंतरात मिळतात, तिथेच हे प्राणी राहतात.

आणि फेऱ्या थांबवा. पावलांची कंपनं सापाला जमिनीतून कळतात. तुम्ही पोहोचायच्या आत तो गेलेला असतो. अशा एखाद्या कडेपासून थोडं दूर पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसा. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही, तेव्हाच बहुतेक जण उठतात. पक्ष्यांकडे कान द्या. बुलबुल, साळुंक्या, खारी एकाच झुडपाकडे बघून कलकलाट करत असतील तर तिथे मांजर, घुबड किंवा साप असण्याची शक्यता मोठी. मला दिसलेले कितीतरी साप आधी पक्ष्यांना दिसलेले आहेत.

प्रश्न : मुलीला दगड उलटून खाली काय आहे ते बघायला फार आवडतं. चालेल का?

थोडे दगड, तेही मोठ्या माणसाने उलटलेले, चालतील. दगडाखालची ओल आणि गारवा जमायला फार वेळ लागतो आणि त्यावर पाली, विंचू, गोमा, मुंग्यांची अंडी असं अख्खं घर उभं असतं. एका रविवारी दहा जणांनी सगळे दगड उलटेपालटे करून ठेवले, तर ती जागा दीर्घकाळ ओस पडते. हे मी पाहिलं आहे आणि फार वाईट वाटतं.

उलटायचाच असेल तर पलीकडची कड काठीने किंवा आकड्याने आपल्याकडे उचला. म्हणजे उघडलेली बाजू तुमच्यापासून दूर राहते आणि दगड ढालीसारखा मध्ये येतो. दगडाखाली बोटं घालायची नाहीत, कधीच. खाली प्राणी असेल तर त्याच्यावर दगड परत टाकू नका. त्याला बाजूला सरकू द्या, दगड होता तसाच त्याच खाचेत बसवा, मग प्राणी आपला आपण कडेने आत शिरतो. कुजलेली ओंडकी मात्र फोडू नका, ती परत जोडता येत नाहीत.

प्रश्न : कुंडी हलवली तर खाली काळं, चकचकीत गांडूळ होतं. पण ते जीभ बाहेर काढत होतं!

मग ते गांडूळ नव्हे, वाळा. अभिनंदन, तुम्हाला साप सापडला! लांबी साधारण वीतभर किंवा त्याहून कमी. गांडुळाच्या अंगावर वळी असतात आणि ते बुळबुळीत लागतं. वाळ्याच्या अंगावर बारीक, गुळगुळीत खवले असतात, डोळे खवल्याखाली दोन काळ्या ठिपक्यांएवढे आणि शेपटीच्या टोकाला इवलासा काटा. विष नाही. खाणं मुंग्या आणि वाळवीची अंडी-अळ्या.

या जातीत नर माहीतच नाहीत. सगळ्या माद्या, आणि नराशिवाय अंडी घालतात. त्यामुळे कुंडीतल्या मातीतून एक जरी मादी दुसऱ्या देशात पोहोचली तरी तिथे वस्ती उभी राहते. अशीच ही जात जगभर पसरली आहे. शहरी बागेत पहिला साप म्हणून मी सगळ्यांना वाळाच शोधायला सांगतो.

प्रश्न : झुडपाखाली जवळजवळ चार फुटांची कात मिळाली. साप तेवढाच मोठा असेल?

त्याहून आखूड. कात निघताना ताणली जाते. ती मोज्यासारखी उलटी होत सुटते, म्हणून डोक्याकडचा भाग मागे राहतो आणि शेपटीचं टोक साप गेला त्या दिशेला असतं. डोक्याच्या भागात डोळ्यांवरची पारदर्शक झाकणं शोधा, तीही कातीबरोबर निघतात.

ओळखीसाठी अंगाच्या मध्यावरच्या खवल्यांच्या रांगा मोजा, खवला गुळगुळीत आहे की मधोमध उभी रेघ आहे ते बघा. पाठीच्या कण्यावरची रांग बाकीच्यांपेक्षा मोठी आणि षटकोनी दिसली तर ती कात विषारी मण्यारीची असू शकते. मग त्या झुडपात हात घालू नका आणि रात्री टॉर्चशिवाय तिकडे जाऊ नका. कातीचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा.

प्रश्न : तिकोनी डोकं म्हणजे विषारी, हे खरं ना?

नाही. नाग आणि मण्यार यांचं डोकं तिकोनी नसतं. उलट कित्येक बिनविषारी साप घाबरले की डोकं चपटं करून तिकोनी भासवतात. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांच्यात तर चांगले जाणकार गोंधळतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात, मण्यारीचे बहुधा मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. पण हे फोटोत बघण्यासाठी, हातात धरून तपासण्यासाठी नव्हे. साप कोणताही असो, दोन-तीन मीटर अंतर ठेवा.

तरीही दंश झालाच तर आवळपट्टी बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी, घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि थेट रुग्णालय गाठा. सापाला पकडण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न : घरातलं लाल कानाचं कासव मोठं झालंय. बागेच्या तळ्यात सोडलं तर ते सुखात राहील, बघायलाही छान.

कृपा करून सोडू नका. हे कासव मूळचं उत्तर अमेरिकेचं. लोकांनी असंच मायेपोटी सोडल्यामुळे ते जगभरच्या तळ्यांत पसरलं. ऊन खायच्या जागा आणि खाणं यांवर ते हक्क गाजवतं, त्यामुळे स्थानिक कासवं मागे पडतात. ते २०-३० वर्षंही जगतं, म्हणजे एका सुटकेचा परिणाम तेवढाच लांब. त्यांच्या अंगावर माणसाला आजारी पाडणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेशी किंवा वनखात्याशी बोला. तोवर त्याला मोठी टाकी, कोरडा दगड आणि ऊन द्या.

प्रश्न : बागेत धामण दिसली. कुणाला बोलावून दूर जंगलात सोडायला लावू का?

ती वाटेवर अडकली किंवा जखमी नसेल तर नको. धामणीला त्या बागेतली बिळं, पाणी, उंदरांच्या वाटा माहीत असतात. अनोळखी जागी नेऊन सोडलेले साप सैरावैरा भटकतात आणि त्यांतले बरेच मरतात. इकडे तिची जागा मोकळी होते आणि उंदीर तसेच राहतात. लोकांना थोडं मागे घ्या, पाच मिनिटं थांबा, ती स्वतःच झुडपात जाईल. फोटो टाकताना मात्र बागेतली नेमकी जागा लिहू नका, पकडून विकणारे तेच वाचत असतात.