वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचे जाम झालेले बोल्ट

प्रश्न : आमच्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मालवणला समुद्राजवळच पत्र्याच्या शेडमध्ये ती बरीच वर्षे उभी होती. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा भाग) उतरवताना त्याला धरून ठेवणारा एक स्टड (डोके नसलेला बोल्ट) हेडलगत, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणालगत, तुटला आणि दोन चाक्या (नट) अजून हलत नाहीत. गॅरेजवाले तुटलेल्या स्टडसाठी ईझी-आऊट (भोक पाडून आत रुतवायचे उलट्या आट्यांचे हत्यार) वापरायला सांगतात. वापरावा का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : तुटलेल्या स्टडचे यापुढे फारसे बिघडणार नाही, पण त्या दोन चाक्या घाईने फिरवल्यास तुटलेल्या स्टडांची संख्या तीन होईल, म्हणून आधी त्यांच्याकडे पाहू. लोखंड गंजले की तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, आणि आट्यांमधल्या चिंचोळ्या फटीत तो ठासून बसला की चाकी व स्टड जणू एकच तुकडा होतात. त्यातच एक्झॉस्टच्या उष्णतेने व खाऱ्या हवेने स्टड आतून बारीक झालेला असतो. अशा वेळी पान्याला पाइप लावून जोर वाढवला, तर सुटण्याआधी स्टडच पिळवटून तुटतो.

उघडे आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत, गंज सोडवणारे तेल संध्याकाळी मारून रात्रभर मुरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मारावे. ॲसिटोन व ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल समप्रमाणात मिसळूनही चांगले मिश्रण होते; मात्र ते लगेच वेगळे होते, त्यामुळे दर वेळी हलवून घ्यावे लागते. चाकीच्या बाजूंवर हातोडीचे हलके ठोके द्यावेत, कारण त्या हादऱ्यांनी गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. नंतर सहा कोनी सॉकेट लावून चाकी प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने, अशी मागेपुढे करत काढावी.

एवढ्याने काम न झाल्यास उष्णता द्यावी. माझ्या मते गंजावर कोणत्याही तेलापेक्षा उष्णताच अधिक प्रभावी आहे. फक्त चाकीवर गॅसची ज्योत धरावी, ती मंद लाल झाली की ज्योत काढावी आणि जरा निवल्यावर आट्यांवर मेणबत्ती टेकवावी. वितळलेले मेण आत ओढले जाते. त्याआधी मारलेले तेल पूर्ण पुसलेले, कार्बोरेटर व पेट्रोलची नळी काढलेली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली आणि हाताशी अग्निशामक असलाच पाहिजे. तरीही न सुटल्यास सरळ छिन्नीने किंवा नट स्प्लिटरने चाकी फोडावी. चाकी काही रुपयांत मिळते, हेड तसे मिळत नाही.

आता ईझी-आऊटविषयी. तो वापरू नये, असेच माझे स्पष्ट मत आहे. पूर्ण जाडीचा असताना जो स्टड फिरण्याऐवजी तुटला, तो मध्ये भोक पाडून त्यात घातलेल्या त्याहून बारीक हत्याराने फिरेल, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. ईझी-आऊट अतिशय कडक आणि ठिसूळ पोलादाचा असतो. तो आत तुटला तर साध्या ड्रिलने भोक पाडता येत नाही आणि हेड टूलरूममध्ये नेऊन स्पार्क इरोजनने (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून) तो तुकडा काढून घ्यावा लागतो. त्यापेक्षा वेल्डिंग करणाऱ्याकडून तुटक्या टोकावर वॉशर व त्यावर चाकी ठेवून आतून वेल्ड भरून घ्यावा. पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या हेडला तो चिकटण्याची भीती कमी. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे हेडही तापले की पकड सैल होते. लाली गेल्यावर सावकाश मागेपुढे फिरवावे. पहिल्या खेपेला वेल्ड निखळला तर पुन्हा करावा. असे बऱ्याचदा होते.

हेही जमले नाही तर ड्रिल. स्टड ८ मिमीचा आणि १.२५ मिमी पिचचा (दोन आट्यांमधले अंतर) असल्यास शेवटचे भोक ६.८ मिमीचे असते, पण सुरुवात ३ मिमीने करावी आणि पंच अगदी मध्यावर मारावा, कारण पोलादापेक्षा मऊ ॲल्युमिनियमकडे ड्रिल सरकते. लेथवाल्याकडून मॅनिफोल्डच्या छिद्रात बसेल असे बुश (ड्रिलला वाट दाखवणारी छोटी नळी) करून घेतले आणि मॅनिफोल्ड जागेवर बसवून त्यातून ड्रिल घातले, तर भोक सरळ जाते. आटे खराब झालेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवता येते. परत जोडताना नवे स्टड व पितळी चाक्या वापराव्यात; पितळ लोखंडासारखे गंजत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी चाक्या सहज सुटतात.

प्रश्न : माझ्या जुन्या अँबेसेडरच्या इंजिनाच्या बोल्टांवर १३ नंबरचा पाना सटकतो आणि डोकी गोल होतात. बोल्ट निकृष्ट आहेत का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बोल्ट बहुधा चांगले आहेत, पाना चुकीचा आहे. १४८९ सीसीचे जुने इंजिन मूळ ब्रिटिश बनावटीचे असल्याने त्याचे बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी; १३ चा पाना त्यावर बसतो, पण सैल बसतो. नऊ सोळांश इंच म्हणजे सुमारे १४.३ मिमी, त्यावर १४ चा पाना जात नाही आणि १५ चा सटकतो. इंची रिंग पान्यांचा एक सेट घ्यावा. गोल झालेल्या डोक्यावर किंचित लहान मापाचे सहा कोनी सॉकेट ठोकून बसवावे. तेही न धरल्यास कानशीने दोन समोरासमोर सपाट बाजू घासून व्हाइस ग्रिप (घट्ट पकडून अडकून राहणारी पक्कड) लावावी.

प्रश्न : जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या चाक्या काही केल्या सुटत नाहीत. तापवाव्यात का?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : अजिबात तापवू नयेत. त्या जुन्या जीपच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात, म्हणजे नेहमीच्या दिशेने जोर लावल्यास आपण त्या अधिक आवळत असता. स्टडच्या टोकावर किंवा चाकीवर इंग्रजी ‘एल’ अक्षर आहे का ते ब्रशने घासून पाहावे. पूर्वी कोणी हब किंवा स्टड बदलले असल्यास एकाच गाडीत दोन्ही प्रकार सापडू शकतात, त्यामुळे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे तपासावे आणि उलटे आटे असतील तिथेच घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाना फिरवावा.